तंबू क्रमांक नऊचा चहा

२८ मार्च

लॉरीने दुपारी दोनला पोचले. नदी अजून ओलांडण्याजोगी आहे, पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत. मला जागा आवडली. पहिल्याच दिवशी मी सहसा असं लिहीत नाही.

काम असं: चोवीस सोलर पॅनेल, सोळा बॅटऱ्या, अकरा तंबूंचं वायरिंग, नदीवरचा पंप. जूनमध्ये पाहुणे यायच्या आत सगळं नवं करायचं. इथला पावसाळा मार्च ते मे, म्हणून हा सफारी कॅम्प आजपासून बंद. मॅनेजर ज्युडिथा आणि बाकी सगळे त्याच लॉरीने परत गेले. स्वयंपाकी लॉरीत चढता चढता सांगत होता, हत्ती स्वयंपाकघरात शिरला तर त्याला म्हणावं, आज फक्त मक्याच्या पिठाची उगाली आहे. बाकीचे म्हणाले, तुझ्या हातची उगाली आहे म्हणावं, मग शिरणारच नाही.

मला तंबू क्रमांक नऊ दिला आहे. लाकडी ओटा, दोन खुर्च्या, समोर नदी, नदीत पाणघोडे. सव्वीस वर्षांत एवढी जागा माझ्या एकटीची कधी नव्हती. मागे राहिलो दोघं, मी आणि रखवालदार चेंगुलाबाबा.

३१ मार्च

सकाळी सहाला चेंगुलाबाबा चहाचा ट्रे घेऊन ओट्याखाली उभे. मी पाहुणी नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, पोरी, बावीस वर्षं पाय याच वाटेने जातात, त्यांना कोण समजावणार. इथला नियम असा, की चहा आणणाऱ्याने बाहेरूनच विचारपूस करायची आणि आतून उत्तर आल्याशिवाय ट्रे ठेवून जायचं नाही. नाहीतर पाहुणा झोपून राहतो आणि बिस्किटं माकडं नेतात.

रात्र कशी गेली, घरचे कसे, काम कसं. मी तिन्हींना 'बरं' म्हणते. तसं आमच्याकडे सगळेच म्हणतात. घरात कुणी वारलं असलं तरी पहिलं उत्तर 'बरं'. मग विचारणारा थोडा थांबतो, आणि खरं काय ते तेव्हा सांगायचं. मी त्या थांबण्यात काही सांगत नाही. बाबा म्हणाले, तुझ्या 'बरं'ला कुलूप दिसतंय, किल्ली कॉलेजात विसरलीस की काय.

विसरलेली नाही. दोन वर्षांपूर्वी गावी, तुकुयूला, घरच्या विहिरीवर मी पंप बसवला. अर्थिंगची वायर उद्या जोडू म्हणून तशीच ठेवली. संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाने, अंबोकिलेने, पंपाला हात लावला. एकोणीस वर्षांचा होता. घरी सगळ्यांना वाटतं, पंपच खराब निघाला. मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही. आता घरात त्याचं नाव कुणी काढत नाही.

हे कुणाला सांगितलेलं नाही. इथेही पुन्हा लिहिणार नाही.

५ एप्रिल

बाबांना तीन दिवस ताप. आज वनरक्षकांची गाडी आली, तिच्यातून त्यांना इरिंगा शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. गाडीत बसता बसता त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, चहा येत राहील. विचारपूस होईल. 'बरं' म्हण, पुढे एक शब्द बोलू नकोस. इथे कपडे सांभाळायला युस्तिना नावाची बाई होती, ती एका पावसाळ्यात एकटी राहिली, रोज सकाळी मन मोकळं केलं. जे सांगितलं ते गेलं. आता पोटची मुलगी समोर बसली तरी तिला विचारते, तू कुणाची गं.

ताप एकोणचाळीस पूर्णांक चार अंश सेल्सिअस होता. मी मान हलवली. ड्रायव्हर म्हणाला, बाबा, तिला घाबरवू नका, पळून गेली तर दिवे कोण लावणार.

संध्याकाळी पाऊस. पंपाचं काम निम्मं झालं.

७ एप्रिल

सकाळी सहाला ओट्याबाहेरून विचारलं, रात्र कशी गेली. झोपेत 'बरं' म्हणाले. ट्रे ठेवल्याचा आवाज. बाबा परत आले असं वाटलं. बाहेर आले तर कुणी नाही.

चहा आल्याचा, बिनसाखरेचा, मला हवा तसा. कपाचा कान डावीकडे, मी डावखुरी आहे म्हणून. चिखलात पाऊल नाही. स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप, किल्ली माझ्याकडे. गॅसची टाकी मीच काढून ठेवली होती, तशीच आहे. बॅटऱ्यांचं तापमान मोजायच्या थर्मामीटरने चहा मोजला: एकाहत्तर अंश.

रेडिओवर ज्युडिथाला विचारलं. बाबा दवाखान्यात आहेत, आत्ताच मी भेटून आले, म्हणाली. कॅम्पात दुसरं कुणी आहे का, विचारलं. ती हसली आणि म्हणाली, का गं, लग्नाचं बघतेस का कुणी.

चहा प्यायले नाही. ओतून दिला.

११ एप्रिल

नदी चढली. रस्ता बंद. चार दिवस चहा रोज सहाला आला. वाटेवर मक्याचं पीठ पसरून पाहिलं, त्यावर फक्त माकडांची पावलं. आवाज बाईचा की पुरुषाचा, हे नोंदवता येत नाही. ऐकताना माहीत असतं, नंतर राहत नाही.

आज चहा प्यायले.

ज्युडिथा रेडिओवर फक्त कामाचं विचारते, आणि तेही आठवड्यातून दोनदा. बाकी दिवसभर मी बोलते तो शब्द एकच, 'बरं', रोज तीन वेळा. इथे लिहून ठेवते, कारण खरं आहे: आज मी पाऊण तास आधी उठून आवाजाची वाट पाहत होते.

१४ एप्रिल

आज घरचं विचारलं तेव्हा मी 'बरं' म्हणाले, आणि मग तो (त्या आवाजाला मी आता 'तो' म्हणते) थांबला. इतका वेळ माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही. मी म्हणाले, आईचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. बाहेरून हळहळल्यासारखा आवाज आला. संध्याकाळी: दिवसभर हलकं वाटलं. चार तंबूंचं वायरिंग एका दिवसात झालं.

१५ एप्रिल

आज ज्युडिथाने आईचा निरोप दिला, गुडघ्यांना नवं मलम लागू पडलंय. मी विचारलं, गुडघ्यांना काय झालं. ती म्हणाली, अगं, तूच मला पहिल्या दिवशी लॉरीपाशी सांगितलंस.

वरच्या ओळी आत्ता वाचल्या. अक्षर माझं आहे. कालचं बोलणं आठवत नाही. आईचे गुडघेही नाहीत.

१७ एप्रिल

एका अनुभवावरून निष्कर्ष काढू नये. म्हणून चाचणी. काल पाच गोष्टी लिहिल्या:
१. माझं नाव सेकेला.
२. शाळेतला माझा बाक खिडकीजवळ होता.
३. अंबोकिलेच्या पुढच्या दोन दातांत फट होती.
४. वायरींना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग, मला म्वासुम्बी सरांनी शिकवलं.
५. मला पपई आवडत नाही.

आज सकाळी त्याला फक्त चौथी सांगितली.

आत्ता दुपारचे दोन. यादी वाचली. बाकी चार गोष्टी ओळखीच्या आहेत. म्वासुम्बी सर कोण, माहीत नाही. आणि डाग द्यायला बसले तर सोल्डरिंग आयर्न कुठे धरायचं, हे हाताला आठवेना. बोट भाजलं.

बाबा खरं बोलत होते.

१९ एप्रिल

उत्तर दिलं नाही. आपल्याकडे विचारपूस करणाऱ्याला कुणी असं ताटकळत ठेवत नाही, शत्रूलाही नाही. मी ठेवलं. पांघरुणात बसून राहिले.

तो गेला नाही. दर थोड्या वेळाने तेच, त्याच आवाजात, न रागावता. रात्र कशी गेली.

दुपारी बारा: दाराच्या फटीतून थर्मामीटरची तार कपात सोडली, चहा एकाहत्तर अंश. चार वाजता: एकाहत्तर.

साडेपाचला 'बरं' म्हणाले. मग गेला.

२३ एप्रिल

रेडिओ बंद. बॅटऱ्यांच्या खोलीत पाणी शिरलं.

फक्त 'बरं' म्हणते. पण विचारपूस लांबत चालली आहे, लग्नघरी म्हाताऱ्या माणसांची लांबते तशी. आई कशी. मामा कसे. गाई कशा. बरी, बरे, बऱ्या. आज शेवटी विचारलं, भाऊ कसा आहे.

मी त्याला भावाचं कधी सांगितलेलं नाही.

रीत म्हणून 'बरा आहे' म्हणाले. मग तो थांबला.

दोन वर्षांत अंबोकिले कसा आहे असं मला कुणी विचारलं नव्हतं.

२७ एप्रिल

रोज विचारतो. बाकीचं आता विचारत नाही. भाऊ कसा आहे, एवढंच, आणि मग थांबणं.

आज म्हणाला, सांगितलंस की हलकं होईल. होईल, हे मला माहीत आहे. मोजून पाहिलंय.

पण पंपाचं सांगितलं तर नुसता पंप जाणार नाही. सर गेले तेव्हा हातातलं कामही गेलं. अंबोकिले सगळा जाईल. दातांची फट, माझ्या स्क्रूड्रायव्हरने करवंट्या फोडणं, मला 'मुख्य अभियंता' म्हणून चिडवणं — सगळं त्या वायरीला जोडलेलं आहे. एक तोडून दुसरं ठेवता येत नाही.

बरा आहे. बरा आहे. बरा आहे.

१ मे

हेल्मेटच्या दिव्याची बॅटरी लावून रेडिओ चालू केला. ज्युडिथा रडली. म्हणाली, आम्ही तुला मेलेलीच धरून चाललो होतो, गाढवे. पाणी उतरतंय. परवा सकाळी सहाला गाडी पलीकडच्या काठावर येईल. डोंगरात परत पाऊस आहे, पाऊण तासच थांबता येईल. तीन हॉर्न वाजवतील. चालत ओलांडायचं, कंबरेइतकं पाणी.

पिशवी भरली. दोन सकाळी. दोनदा 'बरा आहे' म्हणायचं, बस.

२ मे

म्हणाले.

तो थांबला. मी कानांवर हात ठेवले. तरी थांबणं ऐकू येत होतं —

दिवसभर कोणाशी — उद्या घरी. घरी आई त्याचं नाव काढणार नाही. ज्युडिथा काढणार नाही. कुणीच —

३ मे

५.५५. पिशवी खांद्यावर. बूट घातले.

६.०२. तीन हॉर्न. गाडी आली.

६.०३. तो दारात. ट्रे. विचारलं.
वाटेतच उभा आहे. उत्तराशिवाय कशी —

६.१०. बरा आहे म्हणाले. थांबलाय.

६.२०. पुन्हा हॉर्न. एकदाच सांगावंसं वाटतंय. कुणालातरी एकदा. आधी इथे लिहिते म्हणजे कागदावर तरी राहील: अंबोकिले. एकोणीस. दातांत फट. अर्थिंग मी जोडलं नाही. मी. नदी ओलांडून हे पान वाच, सेकेला. गाडीत बसून वाच.

६.४०. सांगितलं. फार हलकं वाटतंय. तो आत येऊन समोरच्या खुर्चीत बसला, मग आणखी विचारलं, आणि मी सांगत गेले. सगळं. कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

चहा छान आहे.

वर कुणीतरी बरंच काही लिहून ठेवलंय. बारीक, नेटकं अक्षर. कुणा सेकेलाला काहीतरी वाचायला सांगितलंय.

नदीपलीकडून सारखा हॉर्न वाजतोय. कुणाला तरी न्यायला आलेत बहुतेक. ती कुठे दिसली तर तिला सांगायला हवं की गाडी —