अंगठ्याची जागा

अमरावती, ता. ४ नोव्हेंबर १९६३

ती. बाबांस,
स. जयभीम वि. वि.

मी इथे ट्रेनिंग कॉलेजात खुशाल आहे. आपल्या देवमनचे सरहद्दीच्या चौकीवरून पत्र आले, पण अक्षर त्याचे नाही. थंडीने बोटे सुजली म्हणून सोबत्याकडून लिहवून घेतले. सरकारी हातमोजे चांगले आहेत, पण संध्याकाळपर्यंत ओले होतात. घरून एक कोरडा जोड पाठवा म्हणतो. ज्या हाताला धरून मी अक्षरे गिरवून घेतली, तो हात सुजला आहे हे वाचून मला जेवण गेले नाही.

लोकर विणणे आपल्याकडे कोणाला येत नाही, गोधडी येते. तेव्हा मायने गोधडीसारखेच दोन पदरांत कापूस भरून मोजे शिवावेत. सोबत कागद कापून पाठवते : चार बोटांची एक पिशवी, अंगठ्याची वेगळी. माप तुमच्या हाताला लावून पाहा, त्याचा पंजा तुमच्याएवढाच आहे. गाठी आत ठेवू नयेत, टोचतील. मी फार सांगते असे माय म्हणेल. म्हणू द्या.

माया असू द्यावी, ही विनवणी.
भागीरथा


अकोला, ता. १३ नोव्हेंबर

चि. भागीरथाले अ. आ.

तुह्यं पत्र भेटलं. मी सोता वाचलं, कोनाले इचारलं नाही. तूच शिकवलं, म्हणून सांगून राहिलो.

जिनातून चांगला सरकी काढेल कापूस आणला. तुह्या मायनं तिचं लाल लुगडं फाडलं. कागद पाहून म्हणे, हे तं बैलाचं मुसकं हाय. मंग माह्या हाताले इतक्या वेळा माप लावलं का मले जेवाले हात भेटला नाही. मोजे झाले, डाकेत टाकले.

एक सांगाचं राहिलं. अंगठ्याची पिशवी तिनं शिवलीच नाही. म्हणे, चार भाऊ एका पांघरुणात, अन् त्यालेच एकट्याले काहून बाहेर निजवता? मी म्हटलं, पोरगी शिकेल हाय. आयकलं नाही. मी घालून पाहिले. लय गरम हायेत, पर बिडी धरता येत नाही.

काळजी करशीन तं कर, पर जेवून कर.
शेषराव


अमरावती, ता. १८ नोव्हेंबर

ती. बाबांस,
स. जयभीम वि. वि.

पत्र वाचले. अंगठ्यावाचून तो बंदूक कशी धरील? किटली कशी उचलील? एक मोजा घातल्यावर दुसरा कोणाच्या हाताने घालील? सगळी पलटण हसेल, आणि बोटे तशीच राहतील.

मी माझ्या जाड चादरीचा कोपरा कापून, अंगठा काढून, दुसरा जोड शिवला आणि आजच पाठवला. डाव्या मोज्याचा अंगठा थोडा तिरपा झाला आहे. उसवून पुन्हा शिवला, तरी तिरपाच. मायला सांगा, मी रागावले नाही. पण हे खरे नाही. थोडी रागावले आहे.

घरच्यांनी मला दूर मानू नये.
भागीरथा


चौकीवरून, ता. १६ डिसेंबर

ती. ताईस,
स. जयभीम.

अक्षर पाहून ओळखलेच असशील. काना-मात्रा दुरुस्त करून परत धाडू नकोस.

दोन्ही जोड मिळाले. मायचा जोड पाहून माझा सोबती ओमप्रकाश लोटपोट हसला; तुमच्याकडे बोटे चारच मोजतात का, असे विचारू लागला. पण पहारा संपवून पांघरुणात शिरल्यावर धरायचे काय असते? पाचही बोटे एकमेकांना चिकटून पडली आणि मला कधी झोप लागली ते कळले नाही. दुसऱ्या रात्री ओमप्रकाश एक मोजा उसना मागत होता. एकच मोजा कशाला म्हटले, तर म्हणे, हातांची पाळी लावीन. दिवसा तुझा जोड घालतो. तुझ्या तिरप्या अंगठ्यात किटलीचा कान बरोबर बसतो. मायशी भांडू नकोस, दोघींचेही जोड वापरात आहेत.

सूज उतरली. आज डॉक्टरसाहेबांनी बोटे वळतात का हे पाहायला दोन ओळी लिहून दाखव म्हटले, आणि आपला पेन दिला. दोन ओळी केव्हाच झाल्या. साहेब मघापासून पेनासाठी हात पुढे करून उभे आहेत, आणि मी लिहितोच आहे.

तुझा,
देवमन