विहिरीवरचा फोटो

वर्धा, १९५७

प्रेमदासदादाले पंचफुलाचा जयभीम.

तू टेसनाची, कापसाच्या बजाराची फोटोकार्डं काढली, ती लोकाइनं हौसेनं घेतली. पण गावच्या ज्या विहिरीवर आपल्याले मनाई होती, तिथं पाणी भरतानाचा माहा फोटो तू दुकानात टांगला. तू नागपूरले गेला अन् रूपराव पाटील चार माणसं घेऊन आला.

"हा फोटो उतरव," तो म्हणाला.

"काऊन? पाणीच तर भरून राह्यली ते," तुहे जावई, माहे मालक, म्हणाले.

त्याइनं लाठीनं मालकाचा उजवा हात मोडला. खाली पडल्यावरही मारतच होते. मी कॅमेऱ्याची तिपाई उचलून रूपरावच्या डोक्यात हाणली. तो फोटोच्या फुटलेल्या काचांवर पडला, रक्त उंबऱ्यापर्यंत आलं. तो जगला, पण मले वाईट वाटलं नाई, याचंच भेव वाटते.

उद्या पोलीस मले नेतील. हे तुले कळलं तर तू पहिल्या गाडीनं येशील, अन् रूपरावचे भाऊ कुऱ्हाडी घेऊन टेसनावर बसले आहेत. म्हणून हे पत्र टाकत नाई. तुह्याच एका कार्डावर लिवते, "इथं सारे मजेत आहेत. काम सोडून येऊ नको."

तुही बहीण,
पंचफुला