गोष्टीचा बदललेला शेवट

ताईस, तुझ्या बडबड्या भावाचा नमस्कार.

इथे माझी व्याख्यानं जोरात चालू आहेत, जेवण वेळेवर मिळतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

स्मरणशक्तीची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी एक छोटी गोष्ट वाचून दाखवली आणि अर्ध्या तासाने परत सांगायला लावली. मी सांगितली, पण शेवट लेचापेचा वाटला म्हणून बदलला. "आजोबा, ही सभा नाही," म्हणत त्यांनी गुण कापले.

रक्ताचा अहवालही आला. विसरण्याचा धोका वाढवणारं एक जनुक माझ्यात आहे, बहुधा बाबांकडून आलेलं. "धोका वाढतो, पण विसरणं ठरलेलं नाही," असं त्या म्हणाल्या. जन्मावरून माणसाचं भवितव्य ठरतं, हे मी उभ्या आयुष्यात कुणाकडून ऐकून घेतलं नाही. रक्ताच्या थेंबाकडून तरी का घेऊ?

तरी एक काम तुझ्यावर सोपवतो. बाबा तोच किस्सा पुन्हा सांगायचे, तेव्हा आपण नव्याने ऐकल्यासारखं हसायचो. माझ्या बाबतीत तसं करू नकोस. सभेतले लोक जुन्या किस्स्यालाही टाळ्या वाजवतात, त्यांचा काय भरवसा? तू मात्र लहानपणी टोकायचीस तसं टोक, "हे सांगून झालंय."

आणि टोकून झालं की, ताई, शेवटपर्यंत ऐकून घे.

तुझाच,
धाकटा