पडदा धरणाऱ्या दोघींच्या बोटांबद्दल

नीरजा, तुझा गुडघा जिना चढू देतो का? क्षमा, तुझी चक्कर थांबली का? कल्पनाचा खोकला गेला का? आणि समोरच्या घरातले माझे दीर श्रीधरराव, आपला दमा बरा आहे ना? बरा राहू दे, पुढचं वाचायला दम लागेल. माझं विचाराल तर अंग थकलंय, डोकं शाबूत आहे; डॉक्टर भीमाचार्यांनी तपासलंय. कुणी भरीला घातलेलं नाही. माझ्यामागची व्यवस्था राजीखुशीने लिहिते.

१. कॉटनपेटेतलं घर लेक नीरजाला. ओट्यावरची भिंत मात्र कलम ४ प्रमाणे वापरायची.

२. शिलाई मशीन सून क्षमाला. तेल घालत जा, रुसतं ते. माझ्या पाटल्या श्रीधररावांच्या वसुमतीला. तिची आई अहल्या माझी जाऊ, आणि तुरुंगातली सोबतीण. हे तिला बापाने सांगितलेलं नाही.

३. नक्षीची खुर्ची श्रीधररावांना; बसायची हौस दांडगी. बेचाळीसला आम्ही दोघी तुरुंगात, भावजी यशवंतपूरला गुळाच्या वखारीत. आम्ही सुटलो तेव्हा चळवळीतल्या मंडळींचा फोटो ठरला. खुर्ची माझी, बसले भावजी, वर हार. भिंतीचे पोपडे दिसत होते. फोटोग्राफर गुरुराज म्हणाले, "अक्का, मागे पडदा धरा. स्वल्प वर!"

मी विचारलं, "आणि आम्ही?"

"वहिनी, तुम्ही घरच्याच की! तुमचा केव्हाही काढू," इति भावजी.

अहल्या गेली, ते केव्हाही काही उगवलं नाही.

आता तो फोटो नात कल्पनाच्या शाळेच्या पुस्तकात आलाय, कडा कापून. पोर विचारते, "आजी, तेव्हा बायका नव्हत्या?" देश असाच शिकतो. खुर्चीतला तो पुढारी, उभा तो शिपाई, चौकटीबाहेरचा जन्मलाच नाही.

४. फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, गुरुराजांनी मला दिली, ती कल्पनाला. तिच्यात एका कडेला माझी बोटं आहेत, दुसऱ्या कडेला अहल्याची. माझ्या तेराव्याला अख्ख्या काचेचा मोठा फोटो करून ओट्यावर, भावजींच्या दाराकडे तोंड करून लावायचा. खाली सगळ्यांची नावं, बोटांचीसुद्धा. भावजींच्या नावापुढे लिहायचं: "हे तेव्हा गूळ विकत होते." रोज दार उघडलं की दिसलं पाहिजे.

भावजी, समोर राहत असलात तरी नक्कल टपालाने धाडली आहे. पुस्तकवाल्यांना आणि वसुमतीला स्वहस्ते खरं कळवलंत, तर गुळाची ओळ मी खोडीन. ती खोडायला मी असायला हवी, म्हणून उत्तर लवकर लिहा.

बेंगळूर, ९ ऑगस्ट १९६३
सही: सोयराबाई खंडोजी पिसे
साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली: डॉ. भीमाचार्य, गुरुराज, फोटोग्राफर