होजरीचं माप

बडोदे,
मंगळवार

ती. निरुपमाताईस,

बडोद्याहून धाकट्या गजेंद्रचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच गोड मानून घे. प्रत्यक्ष घालायचा म्हटलं तर माझं एकच अंग जमिनीला टेकतं आणि बाकीची सात हवेत राहतात.) दाजींचा गुडघा कसा आहे? जळगावच्या उन्हात ते अजून छत्री न घेता बाहेर पडतात का? तुझं बीपी तू रोज मोजतेस की फक्त आमचा फोन आला की मोजल्याचं सांगतेस? इकडे आम्ही खुशाल आहोत. मंदा बरी आहे, कोमलची परीक्षा संपली, आणि माझं दुसऱ्यांदा ऑपरेशन करायचं घाटतंय. हे मी मुद्दामच खुशालीच्या ओघात लिहिलं, म्हणजे तू एकदम खुर्चीत बसणार नाहीस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच ‘जेवलास का?’ विचारतेस आणि सध्या तोच प्रश्न माझ्या घरात बंद आहे.

तर झालं असं. सहा वर्षांपूर्वी माझ्या जठराचा मोठा भाग कापून केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवली होती, ते तुला माहीत आहेच. एकशे अठ्ठावीस किलोंचा मी शहाऐंशीवर आलो. रिफायनरीतल्या गेटवरच्या सुरक्षारक्षकाने ओळखपत्रावरचा फोटो बघून मला दोनदा अडवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी अडवल्याचा मला आनंद झाला. पण ताई, त्या नळीचा स्वभाव मला फार लवकर कळला. भाकरी अडकते, मटण अडकतं, पालेभाजी तर दाराशीच भांडण काढते. मात्र श्रीखंड अडकत नाही. बासुंदी अडकत नाही. आमरसाला तर ती पायघड्या घालते. इथल्या सेव-उसळीतली उसळ जड जाते म्हणून मी डॉक्टरांचा मान राखून उसळ सोडली, आणि सेव व तर्री तेवढी ठेवली. असा संयम पाळत पाळत मी आज एकशे सतरा आहे. साखर परत आली आहे. त्यातून आडवा झालो की पोटातलं आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून सहा महिने मी आरामखुर्चीत बसून झोपतो. (मंदा म्हणते, घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं.)

मग डॉक्टर निवडणं आलं. पहिल्या ऑपरेशनचे सर्जन आता परदेशी गेले. फतेगंजात एकांकडे गेलो, त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि सांगितलं की काही करू नका, तोंडाला कुलूप लावा. सल्ला फुकटचा वाटला, कारण तो मंदा घरीच देते. दुसऱ्या ठिकाणी नाव विचारण्याआधी माझा बाजूने फोटो काढला, जाहिरातीत ‘आधी’ म्हणून टाकायला. ‘नंतर’चं काय विचारलं तर ते नंतर बघू म्हणाले. तिसऱ्या डॉक्टरीणबाई मात्र मला आवडल्या. गुजराती आहेत, हळू बोलतात, आणि ऑपरेशनचं नाव काढण्याआधी जुने सगळे कागद मागतात. त्यांच्याकडे जायचं ठरलं आणि तिथेच माझी जी शोभा झाली ती सांगण्यासाठी खरं तर हे पत्र.

आदल्या दिवशी त्यांच्या दवाखान्यातून फोन आला. बोलणारी मुलगी म्हणाली, “गजेंद्रभाई, जूनी होजरीनुं माप होय तो लेता आवजो, ने ऑपरेशन पछीनुं पण.” म्हणजे जुन्या होजरीचं माप असेल तर आणा, आणि ऑपरेशननंतरचंही. मी हो म्हटलं. ताई, मी अठ्ठावीस वर्षं बडोद्यात आहे. भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करतो, शेजाऱ्यांशी गुजरातीत भांडतो, सणावारी साल मुबारकही न अडखळता म्हणतो. पण आपल्याकडे होजरी म्हणजे गंजीफ्रॉक, बनियन, चड्ड्या, मोजे. मंदाला जरा शंका आली. “अहो, डॉक्टरला तुमचे बनियन कशाला हवेत?” मी तिला समजावलं की ऑपरेशननंतर पोटाला पट्टा बांधतात, त्याचं माप आधी घ्यावं लागतं, मोठ्या दवाखान्यात सगळं पद्धतशीर असतं. तिला पटलं. तिने पहिल्या ऑपरेशनआधीचा एकशेदहा नंबरचा बनियन शोधून काढला (तो सहा वर्षं स्कूटर पुसत होता, तिने तो दोनदा धुऊन इस्त्री केला), मग त्यानंतरचा नव्वदचा, आणि मी आत्ता घालतो त्यातला एक. तिन्ही साडीच्या दुकानाच्या पिशवीत नीट घडी करून ठेवले. सोबत मी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली : आधी, नंतर, सध्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “होजरी लाव्या?” मी पिशवी उघडून तिन्ही बनियन त्यांच्या टेबलावर ओळीने मांडले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आ शुं छे, गजेंद्रभाई?” मी म्हटलं, होजरी. मागे उभी असलेली नर्स फाइलमध्ये तोंड घालून बाहेर निघून गेली. तेव्हा मला कळलं की गुजरातीत होजरी म्हणजे जठर. त्यांना माझ्या जठराचे जुने रिपोर्ट हवे होते, आणि मी त्यांच्यापुढे अंतर्वस्त्रांचं प्रदर्शन भरवून बसलो होतो.

पण पुढे जे झालं त्याने माझं हसू मावळलं. बाईंनी ते बनियन बाजूला सारले नाहीत. त्यांनी तिसरा उचलला, लेबल वाचलं, एकशेपाच, आणि विचारलं की हा कधी घेतला. मी म्हटलं, आत्ताच, मागच्या वर्षी. मंदा शेजारी बसली होती. ती म्हणाली, “मागच्या वर्षी कसा? नव्वदचे आटले म्हणून तुम्ही बदललेत ना, त्याला चार वर्षं झाली.” आता तुला खरं सांगायला हवं. ऑपरेशनला दोन वर्षं होताहेत तोवरच नव्वदचा बनियन मला दाटायला लागला होता. मी एक दिवस भाजी आणायला म्हणून खंडेराव मार्केटला गेलो, येताना जवळच्याच दुकानातून एकशेपाचचे सहा नग आणले आणि घरी सांगितलं की आपलं मशीन कपडे आटवतं. मंदाने दोनदा साबण बदलला. तीनदा मेकॅनिक आणला. कोमलचे लोकरी कपडे ती तेव्हापासून हातानेच धुते. दवाखान्यात तिने एकशेपाचचं ते लेबल स्वतः वाचलं आणि ती एवढंच म्हणाली, “म्हणजे मशीन बरोबर होतं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रिक्षात तिने तिन्ही बनियन मांडीवर घेऊन पुन्हा नीट घडी केले. मला फार लाज वाटली, ताई. वजन वाढल्याची लाज मला सवयीची आहे. ही वेगळी होती.

त्यानंतर रीतसर तपासण्या झाल्या. दुर्बीण तोंडातून घालून जठर बघितलं, पांढरं औषध पाजून फोटो काढले. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की जुनी नळी थोडी सैलावली आहे, ते आंबट पाणी घशाशी येतं त्यावर जठराचा बायपास (म्हणजे अन्नाला वळसा घालून पुढे आतड्यात सोडणं) हा चांगला उपाय आहे, पण दुसऱ्यांदा त्याच जागी हात घालणं पहिल्यापेक्षा जोखमीचं असतं. आधीचे टाके, चिकटलेले पडदे, रक्तस्राव, गळती, सगळं त्यांनी समोर बसवून सांगितलं. आणि हेही सांगितलं की श्रीखंडाला बायपासही अडवेल याची खात्री नाही. सध्या माझी तयारी चालू आहे. लिव्हर लहान व्हावं म्हणून दोन आठवडे सगळं पातळ : प्रोटीनची पावडर, ताक आणि डाळीचं ओसामण, म्हणजे ज्यातली डाळ बाकीच्यांनी खाल्ली आहे असं वरण. रोज तीन चेंडू असलेल्या एका खेळण्यातून श्वास ओढायचा असतो. मला दोन चेंडू जमतात. कोमल तिन्ही उचलते आणि माझ्याकडे बघते.

तेव्हा काळजीचं कारण नाही. तू उन्हात येण्याची तसदी घेऊ नकोस, इथे सगळं व्यवस्थित आहे. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
गजू

ता. क. एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनची तारीख अजून पक्की नाही. इथल्या समुपदेशक मोहनाबाई (आपल्यातल्याच, नागरवाड्यात राहतात) यांनी चिठ्ठी दिल्याशिवाय डॉक्टरीणबाई हात लावणार नाहीत. आणि मोहनाबाईंना माझ्या खाण्याबद्दल लहानपणापासून माहीत असलेल्या एका माणसाशी बोलायचं आहे. मी तुझा नंबर दिलाय. पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला फोन येईल.

ता. क. २. मागच्या वेळी असाच फोन आला होता, तेव्हा तू ‘आमचा गजू मोजकंच खातो, त्याची हाडंच जड आहेत’ असं सांगितलंस आणि मी लगेच पास झालो. या वेळीही तसंच काहीसं सांगशील तर बरं, असा विचार करूनच मी हे पत्र लिहायला बसलो होतो. शेजारी मंदा कोमलचे स्वेटर मशीनमध्ये टाकत होती.

ता. क. ३. तर वरचं वाक्य खोडलं आहे असं समज. काहीही लपवू नकोस. मला भीती वाटते आहे, ताई. पहिल्या वेळी नव्हती, कारण सगळं ऑपरेशन करेल असं वाटत होतं. आई गेली त्या दुपारी बाहेर माणसं बसली होती आणि मी स्वयंपाकघरात तिने केलेल्या अनारशांचा डबा उघडून उभ्याउभ्या सगळे खात होतो. तू दारात आलीस, मला पाहिलंस आणि बाहेरून दार ओढून घेतलंस, कोणी येऊ नये म्हणून. ते आपण दोघांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मोहनाबाईंनी मला विचारलं की कधीपासून असं खाता, तेव्हा मी त्यांना बनियनची गोष्ट सांगून हसवलं. माझ्याच्याने ते सांगवत नाही. तू सांग. आणि सांगून झाल्यावर शेवटी ‘पण आमचा गजू मनाने फार चांगला आहे हो’ असं जोडू नकोस, नाहीतर बाई तेवढंच लिहून घेतील.