आईंचं चित्र तेवढं राहिलं

प्रिय सुकी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, घरात सगळे ठीक आहेत. म्हणजे जे ठीक होते ते. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणारच. आमच्याकडे फोनला रेंज मिळते ती फक्त पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत आईंची खाट आहे. लकव्यानं त्यांचं डावं अंग गेलं, पण कान मात्र अजून सासूचेच आहेत. मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच. म्हणून त्यांचा दुपारचा डोळा लागलाय तेवढ्यात स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून, उभ्या उभ्या लिहितेय.

तू विचारलंस, ‘रोज तीच एक खिडकी काय पाठवतेस, लग्न लावलंस का तिच्याशी?’ वाचून मी हसले. मग आत जाऊन रडलेही, ते तुला कळवलं नाही. अमरावतीच्या त्या कोंदट खोलीत आपण ठरवलं होतं ना, रोज एक चित्र, चांगलं नसलं तरी चालेल पण रोज, आणि जिचं चुकेल तिनं दुसरीचे कपडे धुवायचे. तू आता शाळेत पोरांना चित्रकला शिकवतेस, तुला ते सोपं आहे. माझ्याकडे दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढंच उरलंय. आईंना कूस बदलून देणं, त्यांचं पुसणं, भरवणं, गोळ्या, परत कूस. आपल्या मापाचं काही करावं तर ते अर्ध्या हाताएवढ्या कागदावर. कुकर, सांडशी, नवरोबा ऋषिकेशच्या चिखलानं भरलेल्या चपला, सगळं घर काढून झालं माझं. चित्रकलेची परीक्षा घेतली तर आमच्या चहाच्या गाळणीत मी पहिली येईन.

बाहेरचं म्हणशील तर मला चक्की होती. दळण टाकलं की ते होईपर्यंतचा वेळ माझा. तेवढा वेळ तांड्यावरची रामीबाई आईंजवळ येऊन बसायची. चक्की बसस्टँडला लागून, आणि समोर प्रयागबाईंचं चहाचं दुकान, शेजारी अमरसिंगचं पंक्चरचं, मग सलून, मग रसवंती, अशी टपऱ्यांची रांग. मी प्रयागबाईंच्या बाकावर बसून ती रांग काढायचे. कारंजाची बस येऊन थांबली की सगळी झाकून जायची, मग बसच काढायची. सुकी, त्या बाकावर मी कोणाची सून नव्हते. अंगावर पिठाची भुकटी आणि हातात पेन्सिल, मला दुसरं काही नको होतं.

आता घोळ कुठे झाला ते ऐक. आपल्याला सरांनी शिकवलं होतं तसं मी हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचे. इथे हायवे झाल्यापासून गावातल्या शेंबड्या पोरालाही एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, कोणी एक डोळा मिटून आपल्या घराकडे पाहू लागलं की आपलं घर जाणार. अमरसिंग हातातली ट्यूब टाकून आला. ‘वहिनी, आमचं कितीक जाते मोजणीत?’ मी म्हटलं, अहो मोजणी कसली, चित्र काढतेय. वही दाखवली. त्यानं पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, ‘सांगाचं नसन तं नका सांगू, पण एवढी मोठी बाई चित्रं कायले काढन?’ संध्याकाळी सलूनवाला नानाजींकडे येऊन बसला, सुनबाईंना सांगून आमची टपरी वाचवा म्हणून. नानाजी माझे सासरे असले तरी भला माणूस. त्यांनी त्याला चहा पाजला आणि मला एवढंच म्हणाले, ‘बाई, आता काही दिवस ते पेन्सिल घरी ठेव.’

ठेवली असती तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात रामीबाईनं हौसेनं आपली बकरी समोर बांधून तिचं चित्र काढून घेतलं. पुढे ती बकरी भिजलेलं सोयाबीन खाऊन फुगून मेली. पावसाळ्यात आमच्या घराची मागची भिंत बसली, तीही माझ्या वहीत होती. आणि हिवाळ्यात खरोखरच जेसीबी आला. नोटिसा जुन्या होत्या, प्रत्येकाच्या घरात पडलेल्या होत्या, पण ते कोण आठवतं? सकाळी रांग होती, दुपारी नुसता पत्र्यांचा ढीग. प्रयागबाई त्या ढिगात आपली चहाची किटली शोधत होत्या. मी मदतीला गेले, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तशीच परत फिरले. तेव्हापासून गावात बोललं जातं की वैजयंतीनं जे काढलं ते उरत नाही. कोणी माझ्याशी भांडलं नाही. हसतच बोलतात, पण मी दारात दिसले की पोरांना आत बोलावतात. दळण आता ऋषिकेश मोटरसायकलवर नेतो. तो चांगला आहे गं, मला एका शब्दानं बोलला नाही. नुसता डबा उचलून नेऊ लागला आणि माझी चक्की गेली.

म्हणून खिडकी. तिला तीन गज आहेत, पलीकडे रंग उडालेली शेजाऱ्यांची भिंत, आणि भिंतीवर कधी कावळा बसला तर बसला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुला सांगायला नको. तरी ऐक. लेक रंजीता वाशीमच्या हॉस्टेलमधून सुट्टीला आली होती, तेव्हा तिचं एक चित्र सुरू केलं होतं. केस झाले, कपाळ झालं, एक डोळा झाला. पोर परत गेली आणि मी फोटोवरून ते पुरं करायला बसले, तर हात उचलेना. ते तसंच आहे. हे मी ऋषिकेशलाही सांगितलेलं नाही.

आणि आता आई. मनकर्णाबाई म्हणजे काय होत्या ते तू माझ्या लग्नात पाहिलंसच. पंगतीत वाढताना साडीचा काष्टा मारून त्यांनी आचाऱ्याला बाजूला केलं होतं. मला कमी बोलल्या नाहीत त्या, पण पहिल्या वर्षी मी पूजेसाठी भिंतीवर आठवी काढली तेव्हा सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली होती. त्या बाईला आता माशी हाकलता येत नाही. बोलणं असं जड झालंय की माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. त्या बोलतात आणि मी घराला सांगते, असं चालतं आमचं. गावातलं सगळं रामीबाई त्यांच्या उशाशी बसून सांगते. बकरी, भिंत, टपऱ्या, काहीच सोडलं नसेल तिनं.

संक्रांत झाली आणि एका सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. नानाजी तिथेच पेपर वाचत होते. आई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘माहं बी चित्र काढ न व माय.’ मला कळलं, सुकी. लगेच कळलं त्यांना काय हवंय ते. नानाजींनी विचारलं, ‘काय म्हणते?’ माझ्या तोंडून निघून गेलं, पाणी मागतात. नानाजी लगबगीनं उठले, पेला भरून आणला, मानेखाली हात घालून त्यांना उठवलं. आईंनी माझ्यावरची नजर न काढता ते पाणी प्यायलं. तेव्हापासून रोज हेच चाललंय. त्या चित्र मागतात, मी पाणी सांगते, आणि नानाजी, ऋषिकेश, ज्याच्या हाताला येईल तो प्रेमानं पाणी पाजतो. डॉक्टर म्हणाले पाणी भरपूर पितात, चांगलं लक्षण आहे. काल मात्र त्यांनी ओठ मिटून घेतले, पाणी गालावरून उशीवर गेलं. नानाजी मला म्हणाले, ‘काहून घेतलं नाही इनं? तुले समजते तं इचार न.’ आणि नंतर आम्ही दोघीच असताना आई म्हणाल्या, ‘तू भेतं काहून? मीच तं म्हणून राह्यली.’

उद्या सकाळी खिडकीतून खाटेवर ऊन येतं त्या वेळी मी त्यांना काढणार आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत ते झालेलं असेल. पेन्सिलीनं माणूस मरत नाही, हे तुझ्याइतकंच मलाही ठाऊक आहे. त्या राहिल्या तर मी त्यांना फसवलं असं त्यांना वाटेल, आणि गेल्या तर गाव काय म्हणेल ते आत्ताच ऐकू येतंय. गावासाठी माझ्याकडे उत्तर तयार आहे, की मी नुसतं चित्र काढलं. ऋषिकेशला, नानाजींना, रंजीतालाही मी तेच सांगीन. पण इतके दिवस मी त्यांचं चित्र का काढलं नाही ते आता मला कळलंय. समोर बसून तासभर त्यांच्याकडे पाहावं लागेल, आणि त्या तासात माझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. ते खरं एका तरी माणसाला आधी कळावं म्हणून लिहिलं. आईंना सुटायचंय, सुकी, आणि मलाही.

तुझीच, आणि उद्यानंतरही तुझीच राहू दे म्हणणारी,
वैजू