टाकी भरल्याचा आवाज

अल्लीपूर
१० जुलै

ती. सौ. प्रेरणाताई यांस,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

आईंचा ताप पूर्ण उतरला आहे आणि लघवीचं इन्फेक्शन आटोक्यात आलं आहे, असं काल हिंगणघाटच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं. घाबरण्यासारखं काही नाही. कारण मात्र त्यांनी एकच दिलं, आई पाणीच पीत नव्हत्या. भर उन्हाळ्यात भांडंभर पाणी एका घोटात संपवणारी बाई पावसाळा लागताच पाणी का सोडते, हे कोडंच आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी खाली पाहिलं.

थोडे दिवस त्यांना आर्वीला तुमच्याकडे बरं वाटेल. उद्या हे त्यांना एसटीनं घेऊन येतील, हे पत्रही त्यांच्याच हाती देते. फोन केला असता, पण आई समोर बसलेल्या असतात. ऐकू येत नसलं तरी चेहरा बरोबर वाचतात. तुम्हीच हळूच विचारून पाहा.

बाकी ठीक. तुमच्या भाचीला, आकांक्षाला, पाहायला समुद्रपूरचे पाहुणे येऊन गेले. मुलगी पसंत आहे, आता वडीलधाऱ्यांना घेऊन पुन्हा येतो म्हणतात. आपला संडास मात्र आईंवर रुसला आहे. आमच्या हातून फ्लश होतो, त्यांच्या हातून नाही. बटन पुरतं दाबत जा म्हणून सांगून थकले. तुमच्याकडे तसं झालं तर रागावू नका.

धाकट्या भावजयीवर आहे तशीच माया असू द्या.

आपली,
वर्षाली

आर्वी
१६ जुलै

चि. सौ. वर्षाली हिस,
अ. उ. आ. वि. वि.

आई खुशाल आहे. सकाळी पोहे खाते, दुपारी माझ्या शिवणाला नावं ठेवते आणि पाणी मागून मागून पिते. म्हणजे तहान गेलेली नव्हती.

मी विचारलं. आधी टाळत होती. काल भाजी निवडताना खाली मान घालून जे बोलली, ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत त्याचा तिखटपणा जाईल किंवा वाढेल. "पाणी पिलं तं जा लागते. अन् गेलं तं माह्यामागं वर्षालीले बादली घेऊन या लागते. मंग पिऊच काऊन?"

समुद्रपूरचे पाहुणे बैठकीत असताना तू तिला फ्लशवरून बोललीस, हेही कळलं. तिला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं, हे मला माहीत आहे. पण त्यामुळे ते पाहुण्यांनाही ऐकू गेलं. त्या दिवसापासून तिनं पाणी तोडलं.

तुझ्यावर रागावण्याइतकी मी स्वच्छ नाही. आईला आता बसता-उठता येत नाही, कमोड बसवाच, असा हट्ट माझा. बसवल्यावर तो तिला जमतो का, हे मी कधी विचारलं नाही. उलट माझ्या भावानं, चंदननं, फोनवर फ्लशची गंमत सांगितली तेव्हा मी पोटभर हसले.

एक गोष्ट मात्र कळत नाही. माझ्याकडे तिच्या हातून फ्लश व्यवस्थित होतो. तेच बटन, तोच हात. तिथलं एकदा नीट बघून घे.

आकांक्षाला आशीर्वाद. मनात काही ठेवू नकोस, आणि ठेवलंसच तर मला लिही.

तुझी,
प्रेरणाताई

अल्लीपूर
२१ जुलै

ती. सौ. प्रेरणाताई यांस,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

पाहुण्यांसमोरचं मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. विसरले म्हणून नाही.

प्लंबर भैयाजींना बोलावलं. त्यांनी बटन दाबलं, धो धो पाणी गेलं. काही बिघाड नाही म्हणाले, चहा घेऊन गेले. ते गेल्यावर मी कमोडचं भांडं घासून बटन दाबलं, आणि फेस राहिला म्हणून लगेच पुन्हा दाबलं. पाणी नुसतं ओघळलं, आईंच्या हातून होतं तसंच. टाकीचं झाकण काढलं तर आत तळाशी थोडंसं पाणी आणि वरून करंगळीएवढी धार.

मग सगळं लक्षात आलं. सकाळी आकांक्षा जाते, हे जातात, मी जाते, मग आई. आम्ही टाकीची सुरसुर थांबेपर्यंत थांबतो, नकळत. आईंना ती सुरसुर ऐकूच येत नाही. त्यांच्या वाट्याला दर वेळी अर्धी टाकी येत होती, आणि मी त्यांना बटन दाबायला शिकवत होते.

टाकी इतकी हळू का भरते, तर खालचा कॉक अर्धा बंद. मीच केला होता, मे महिन्यात, नळ दिवसाआड होते तेव्हा. पाऊस लागला, पाणी रोज आलं, कॉक तसाच. आता पुरता उघडला. नळाला येणाऱ्या बोअरच्या पाण्याचा क्षार नळीच्या जाळीत आणि भांड्याच्या काठाखालच्या भोकांत बसला होता, तो व्हिनेगर लावून, तारेनं टोकरून काढला. कोणाला हात लावू दिला नाही. आता टाकी लवकर भरते.

तरी एक प्रश्न राहतोच, भरली हे आईंना कळायचं कसं? हे म्हणतात दिवा बसवू, आकांक्षा म्हणते झाकण काढून ठेवू. आईंनाच विचाराल? आणि माफी मागायची आहे, तर ती मोठ्यानं कशी मागू? म्हणून हे पत्र त्यांनाच वाचायला द्या.

लोभ कमी करू नका, एवढंच मागणं.

आपली,
वर्षाली

आर्वी
२६ जुलै

चि. सौ. वर्षाली इले देवकाबाईचे आशीर्वाद.

तुह्यं पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसून पुसून वाचलं, तं प्रेरणा म्हणे रडून राह्यली. मी नाई रडली.

तुह्यं चुकलं. नाई चुकलं म्हटलं तं तुले खोटं वाटंन. पण मीबी तोंड शिवून बसली. तुले एक डाव सांगतलं असतं तं तू झाकण तवाच काढलं असतं. सुनेवर रुसाचं अन् आपल्याच जिवाले तहान लावाची, हे शानपण माह्यं.

दिवागिवा काई लावू नोको. वावरात मोटार सुरू केली का पाणी आलं का नाई, हे मी कानानं कवा पाह्यलं? पायपावर हात ठेवो. पाणी आलं का पाइप थरथरे. काल इथंबी टाकीवर हात ठेवून पाह्यला. भरेपर्यंत थरथरते, भरली का गप. आता तुह्या टाकीवर हात ठेवीन, गप झाली का बटन दाबीन. इतके दिवस काऊन सुचलं नाई, कोण जाणे. मले वाटे दोष माह्या बोटाचा हाये.

चंदनले म्हणा, सोमवारी सकाळच्या गाडीनं घ्याले येजो. समुद्रपूरचे पाहुणे बुधवारी येऊन राह्यले, प्रेरणानं सांगतलं. मी बैठकीतच बसीन. पाण्याचा पयला गिलास मले देजो, सगळ्याइच्या समोर, काठोकाठ भरून.

तुह्यी सासू,
देवकाबाई